लाल पेटीबाहेर

भोसरीच्या एमआयडीसीतली जुनी माणसं इंजिन कानानं तपासतात. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग घासतंय, गजन पिन वाजतेय की नुसताच कव्हरचा बोल्ट ढिला झालाय, ते पोलादातून थेट हाडात उतरतं. शेजारी पॉवर प्रेस आपटत असतो, रस्त्यावर कंटेनर हॉर्न देत असतात; पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर त्यातलं काही उमटत नाही. टोक इंचभर सरकवायचं, पुन्हा ऐकायचं. मग डोळे उघडून तो एकच वाक्य बोलतो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

मला या ऐकण्याचं फार अप्रूप. माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली. आमच्याकडे ऐकायची वेळच यायची नाही. गेज लावायचा, ‘गो’ची बाजू आत गेली आणि ‘नो गो’ची अडली, की जॉब पास. उलटं झालं की लाल पेटीत. पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही शॉपमध्ये जा, कोपऱ्यात ती लाल पेटी असतेच. तिच्यातल्या जॉबवरून चौकशी होते, नाही असं नाही. पण ती मशीनची होते, टूलची होते, पाळीतल्या ऑपरेटरची होते. पुढचे जॉब नीट यावेत म्हणून होते. पेटीत पडलेल्या त्या एका तुकड्याचं काय करायचं, हा प्रश्न तिथे संपलेला असतो. हजारांच्या उत्पादनात ते योग्यच आहे. ब्रेकच्या भागात ‘चालेल जरा’ असं म्हणता येत नाही. पण इतकी वर्षं हो किंवा नाही एवढंच म्हणत आलेल्या माणसाला, ‘नाही’च्या पुढे काय असतं, याची ओढ लागते. मला तरी लागली.

ती ओढ मला कुदळवाडीत घेऊन गेली. चिखली आणि मोशीच्या मधला हा भंगाराचा पट्टा ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. इथल्या कारखान्यांतून जे जे नको म्हणून बाहेर पडायचं ते कुदळवाडीत येऊन जातवार व्हायचं. तांबं एकीकडे, ॲल्युमिनियम एकीकडे, बिडाचे तुकडे वेगळे, लेथच्या निळसर चिपांचे ढीग वेगळे. तिथल्या पोरांना धातू हातात घेतला की कळायचा. शंका आलीच तर ग्राइंडरला लावून ठिणगीचा रंग बघायचे. अशाच एका गाळ्यात, मोडक्या पंपांच्या आणि गिअर बॉक्सच्या मागे, भिंतीला उलटं टांगलेलं एक यंत्र दिसलं. वर नारळाएवढं इंजिन, खाली लांब नळी आणि नळीच्या शेवटी पंखा. होडीच्या मागे लावायची मोटार. समुद्र घाटापलीकडे आणि ही बाई इथे कशी आली म्हणून विचारलं, तर गाळेवाला म्हणाला, लष्कराच्या लिलावातला माल आहे. खरं असेलही. दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. नदी ओलांडणं हे सॅपर्सच्या कामातलंच. किलोच्या भावानं मी ती घेतली.

घरी आणून घासल्यावर मॅग्नेटवर व्हिलियर्सचं नाव दिसलं आणि टाकीवर सीगलचा पुसट शिक्का. ब्रिटिश सीगल. १९३१च्या सुमाराला इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला तिची सुरुवात झाली, पुढे पूल या बंदराच्या गावी तिचा कारखाना होता, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं या मोटारी हजारोंनी घेतल्या. १९९०च्या दशकात त्या बनायच्या थांबल्या. नंबरावरून मॉडेल आणि साल काढता येतं म्हणतात. आमच्या मोटारीचा नंबर मात्र कुणाच्या तरी ग्राइंडरखाली गेला होता. ती किती साली कुठल्या होडीला होती ते आता समजायचं नाही. याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं, नंतर वाटेनासं झालं. यंत्र उघडलं की कागदावर नसलेला बराचसा इतिहास आत सापडतो. पंख्याच्या पात्यांना दगडाचे घाव होते, म्हणजे उथळ पाण्यात चाललेली. एका बोल्टच्या जागी आपल्याकडचा मेट्रिक बोल्ट ठोकून बसवलेला, म्हणजे इथे येऊनही कुणीतरी तिला चालवलेलं. आणि थंड करणारं पाणी ज्या भोकातून बाहेर पडतं त्या भोकात कुंभारमाशीचं मातीचं घर होतं, नीट लिंपलेलं, म्हणजे मग ती बराच काळ कोरडी पडलेली.

सीगलची रचना साधी आहे, इतकी की तिच्यासमोर बसलं की धीर येतो. वर झाकण नाही. मॅग्नेट उघडा, त्याच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, दोरी गुंडाळायची आणि ओढायची. पंखा दांड्याला पिननं जखडलेला नसतो, एका जाड स्प्रिंगमधून फिरतो. खडकाला पातं आपटलं तर धक्का स्प्रिंग सोसते, आतले दाते वाचतात. गिअर बॉक्समध्ये १४० नंबरचं घट्ट ऑइल घालायचं आणि त्यात थोडं पाणी शिरणारच, हे धरूनच चालायचं. ज्यानं ती काढली त्याला ठाऊक होतं की ती दुकानापासून लांब, ओल्या हातांनी उघडली जाणार आहे. आजच्या कितीतरी वस्तू उघडू नयेत म्हणूनच बांधलेल्या असतात. त्या चांगल्या चालतात, हे मान्य आहे. पण त्यांच्याशी ओळख होत नाही.

चिंचवडगावात एक मिस्त्री आहेत. आयुष्य चेतक, प्रिया आणि बजाजच्या रिक्षांवर गेलं. मी मोटार त्यांच्या गॅरेजात नेली तेव्हा त्यांनी होडीची मोटार कधी जवळून पाहिलेली नव्हती. तिच्याभोवती एक फेरी मारली, मॅग्नेट हातानं हलवून पाहिला, तो हलला नाही, आणि म्हणाले, “साहेब, बोटीचं असो नाहीतर चेतकचं, टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक. करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन. चौथं काही नसतं.”

जाम झालेला पिस्टन आधी सोडवायचा होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं ओतलं आणि मिस्त्रींनी मला सांगितलं की आता हिच्याकडे बघायचं नाही. जोर लावला तर रिंगा तुटतील. चेतकच्या काळी पावसाळाभर अंगणात पडलेल्या गाड्या ते असेच सोडवायचे. मी अधूनमधून जाऊन यायचो. ते दुसऱ्याच कुठल्या गाडीत डोकं घालून बसलेले असत, आणि जाता-येता मॅग्नेटला तळहातानं हलकी चापट मारत. एका संध्याकाळी तो नखभर फिरला. त्यांनी तो फिरवत बसायचा मोह टाळला, आणखी थोडं ऑइल सोडलं आणि शटर ओढलं. कारखान्यात प्रत्येक सेकंदाचा हिशेब आम्ही लावत असू. सायकल टाइम कमी केला की फळ्यावर नाव लागायचं. इथे न करण्याला, हात मागे घेण्याला कौशल्य म्हणतात हे मी त्या गॅरेजात पाहिलं.

पिस्टन सुटल्यावर करंट. मॅग्नेट उतरवला, तर पॉइंटच्या तोंडावर हिरवट-पांढरा थर. पॉलिश पेपरची घडी दोन तोंडांच्या मधून ओढली, फिलर गेजनं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट ठेवली, प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली. ठिणगी आली, पण लालसर, मरतुकडी. कंडेन्सर बसला होता. पॉइंट उघडताना जो करंट फटीतून उडी मारू बघतो तो कंडेन्सर स्वतःत ओढून घेतो. तो मेला की पॉइंट जळतात आणि ठिणगीत जीव राहत नाही. मिस्त्रींनी डब्यातून चेतकचा एक जुना कंडेन्सर काढला, बाहेरच्या अंगाला पट्टीनं बांधला, वायर आत नेली. पुन्हा दोरी ओढली. या वेळी ठिणगी निळी होती आणि तिचा आवाज आला, कोरडा, टच्‌कन. आकुर्डीच्या स्कूटरचा तो एवढासा डबा वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॅग्नेटला चालला, याचा आनंद मला अजून आहे.

मग प्लग. हिचं भोक १८ मिलिमीटरचं. आपल्या स्कूटर-मोटरसायकलींचे प्लग १४चे किंवा त्याहून बारीक. १८चा जुना प्लग जुन्या बाजारात बुधवारी मिळाला नाही, रविवारीही मिळाला नाही. तेव्हा भोसरीत तात्यांकडे गेलो. तात्या टर्नर. तीन लेथ, एक मिलिंग, दोन पोरं, आणि दारात सतत कुणाचा तरी टेम्पो. १४चा प्लग या भोकात बसवायला एक बूश हवा होता. मी सवयीनं त्याचं ड्रॉइंग काढून नेलं होतं: बाहेरून १८चे दीडच्या पिचचे आटे, आतून १४चे सव्वाच्या पिचचे. तात्यांनी ते चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

“भिंत एक मिलिमीटरच उरतेय, साहेब.”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो, तात्या.”

त्यांनी रॉड चकमध्ये धरला. आधी आतलं भोक, मग आतले आटे, रॉड अजून जाड असतानाच. कारण बाहेरून आधी काढलं तर टॅपच्या जोरानं ती भिंत फाकली असती. बॅक गिअर टाकून स्पीड अगदी खाली आणला. टॅप हातानं, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मागे घेताना चिप तुटल्याचा बारीक आवाज यायचा, मगच पुढचा अर्धा. ते झाल्यावर बाहेरचे आटे, एका पॉइंट टूलनं, दर खेपेला केसभर कट देत. शेवटच्या दोन कटांत धातू निघाल्यासारखा वाटतच नव्हता, नुसती टूलच्या टोकाशी चमकती धूळ. तात्यांनी बूश कापून अलग केला, कडा मोडली, बोटावर फिरवून पाहिला आणि मला दिला. मी गेज खिशात घेऊन गेलो होतो. तो काढला नाही. हे काम करायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात चाकणच्या एखाद्या सीएनसी लाइनवर असे किती जॉब पडले असते, हे मला सांगता येईल. पण असा एकच हवा आहे म्हणून त्या लाइनीला थांबवता येत नाही. तात्यांना येतं.

कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ झाला. टाकीच्या कॉकमध्ये बुचाचं सील होतं, आक्रसून गेलेलं; ते उकळत्या पाण्यात ठेवलं की फुगतं, ही युक्ती मिस्त्रींना माहीत होती. पण त्यांची काळजी वेगळी होती. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि जुन्या मशीनचं रबर, वार्निश त्याला टिकत नाही. उसाला त्यातून भाव मिळतो, हे चांगलंच. पण ही मोटार तयार झाली तेव्हा तिच्या नशिबात हे पेट्रोल नव्हतं. म्हणून काम झालं की टाकी कोरडी करून ठेवायची, असा दंडक त्यांनी घालून दिला. शिवाय हिला ऑइलही भरपूर लागतं: जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. स्कूटरला शेवटी शेवटी लिटरमागे वीस मिली पुरायचं.

निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमात पाणी भरून, काठाला जाड फळी बांधून, मोटार उभी केली. दोरी ओढली, पुन्हा ओढली, आणि ती बोलली. ड्रममधलं पाणी उकळल्यासारखं ढवळायला लागलं, निळा धूर गॅरेजभर झाला, शेजारचे लोक बाहेर आले. त्या धुराचा वास या गावातल्या माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाला ओळखीचा आहे. पहाटेच्या पाळीला निघालेल्या स्कूटरींचा तो वास. मग काही मिनिटांत आवाज बारीक होत गेला आणि मोटार बंद पडली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली, आणि तेवढीच चालून पुन्हा बंद.

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू: जमलेल्यांपैकी प्रत्येकानं कंडेन्सरचं नाव घेतलं. कुणी कॉइल म्हणालं. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. मोटार तिसऱ्यांदा बंद पडली त्या क्षणी, गरम असतानाच, त्यांनी प्लग काढून बॉडीला लावला आणि मला दोरी ओढायला सांगितली. ठिणगी निळीच होती. “करंट गेला नाही,” ते म्हणाले. अंगठा प्लगच्या भोकावर ठेवला, पुन्हा ओढायला सांगितलं, अंगठा उडाला. कॉम्प्रेशन आहे. उरलं पेट्रोल. टाकीत तर निम्म्याहून जास्त होतं. त्यांनी कॉकची नळी काढली: दोन थेंब आले आणि धार थांबली. मग त्यांनी टाकीचं झाकण हळूच फिरवलं. फुस्स. हवा आत शिरली, आणि नळीतून पेट्रोल धो धो वाहायला लागलं.

झाकणावर हवेसाठी एक स्क्रू असतो. होडी चालवताना तो सोडायचा, वाहून नेताना आवळायचा. कुणी तरी कधी तरी टाकीला रंग देताना त्या बारीक वाटेवरही ब्रश फिरवला होता. पेट्रोल खाली जात राहिलं, वर पोकळी होत गेली, आणि शेवटी त्या पोकळीनं पेट्रोल धरून ठेवलं. मिस्त्रींनी टाचणीनं रंग टोकरून काढला. “टाकीला श्वास हवा ना, साहेब,” एवढंच म्हणाले आणि हात पुसायला बोळा शोधू लागले.

मी त्या दिवसापासून या गोष्टीचा विचार करतोय. जमलेल्यांचं उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. लक्षणं कंडेन्सरचीच होती. मिस्त्रींनी फक्त एवढं केलं, की बिघाड चालू असताना त्याच्याजवळ गेले. बिघाड निघून गेल्यावर त्याच्याबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. आणि एकेक ‘नाही’ त्यांनी वेचून बाजूला काढला, पण त्यातला कुठलाच लाल पेटीत टाकण्यासाठी नव्हता. करंट गेला नाही, कॉम्प्रेशन गेलं नाही. त्यांच्या तोंडी ‘नाही’ म्हणजे शोध अजून संपलेला नाही.

मोटार आता चालते. ती चालवायची कुठे, हा प्रश्न मात्र मला कठीण गेला. घराजवळ पवना आहे. मोरया गोसावींच्या घाटावरून पाहिलं तर उन्हाळ्यात पाणी दिसत नाही, जलपर्णीची हिरवी सतरंजी दिसते. तिची मुळं पंख्याला गुंडाळली की स्प्रिंगसुद्धा काही करू शकणार नाही. वर धरणाचा जलाशय आहे, स्वच्छ, मावळच्या डोंगरांमधला. पण दहाला एक ऑइल पिणाऱ्या टू-स्ट्रोकमधून त्यातलं बरंचसं ऑइल न जळताच पाण्यात जातं. अमेरिकेतल्या टाहो सरोवरात १९९९पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटारींना बंदी आहे ती याचमुळे. ड्रममधल्या पाण्यावर पडलेली इंद्रधनुष्यी साय मी डोळ्यांनी पाहिली आहे. ते पाणी गटारात न ओतता तवंग काढून वापरलेल्या ऑइलच्या डब्यात जमा करायला वेळ गेला, पण केलं. जो जलाशय आमचं शहर पितं त्यात हे ओतायचा हक्क माझ्या हौसेला नाही. आणि खरं तर पवनेत ती चाललीच आहे. गॅरेजातल्या नळाला येतं ते रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेलं पवनेचंच पाणी.

म्हणून ती ड्रमात चालते, क्वचित, थोडा वेळ. आयटीआयची पोरं बघायला येतात. त्यांच्या अभ्यासक्रमात आता सेन्सर आहेत, कोड वाचणारी उपकरणं आहेत, आणि ते असायलाच हवं. ही पोरं ज्या गाड्या दुरुस्त करणार त्यांत पॉइंट नाहीत की कार्ब्युरेटर नाही. आकुर्डीत २००७ साली बजाजचं उत्पादन थांबलं आणि २०२२मध्ये त्याच आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा कारखाना उभा राहिला. धूर गेला याचं मला दुःख नाही. माझ्या पिढीची फुप्फुसं त्याची साक्ष देतील. पण मी त्या पोरांच्या हातात दोरी देतो, मुद्दाम प्लगची वायर काढून ठेवतो आणि काय झालंय ते शोधा म्हणतो. ती आधी फोन काढतात. मग फोन खिशात ठेवून वाकतात. त्यांच्यातल्या एका मुलीनं परवा, कुणी न सांगता, स्क्रू ड्रायव्हर उचलून कानाला लावला होता.

२०२५च्या फेब्रुवारीत कुदळवाडीतली बांधकामं पाडली गेली. तो गाळा आता नाही. गाळेवाला कुठे गेला, मला पत्ता लागला नाही. त्याच्याकडे सीगलच्या जातीचं आणखी एक क्रँककेस होतं, ते घ्यायचं राहून गेलं. तात्यांचा बूश अजून पक्का आहे, पण बूशमुळे प्लग भोकात थोडा वर बसतो, ठिणगी आडोशाला पडते, आणि मंद चालीत मोटार मधूनच एखादा ठोका चुकवते. तात्यांना ते आवडत नाही. मिस्त्रींनाही नाही.

तेव्हा तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत, जुन्या शेतपंपाच्या डब्यात १८ मिलिमीटरचा प्लग पडलेला असेल, तर तो भंगारात घालू नका. आट्यांवर स्टीलची पट्टी आडवी धरून मोजा. १८ भरले, की चिंचवडगावात कुठल्याही जुन्या स्कूटरवाल्या गॅरेजात सांगून ठेवा. आमच्यापर्यंत निरोप पोचेल.